मनुबाईचे पिवळे हात

तुंग गाव मागे पडलं, तरी मनुबाईच्या कपाळावरचं कुंकू तसंच होतं. घामानं जरा खाली ओघळलं होतं, पण होतं. आष्ट्याहून निघताना मला वाटलं होतं, गावाबाहेर पडलो की पहिल्या विहिरीवर ती तोंड धुईल. विहीर आली. ती पोटभर पाणी प्यायली, ओंजळभर पायांवर मारलं, आणि मी वाटेकडे बघून वळले तोवर ती पदराच्या टोकानं नुसती हनुवटी टिपत होती. मग म्हणाली, "चला बाई, ऊन चढायच्या आत डिग्रज गाठू."

ऊन चढून कधीच उतरायला लागलं होतं. 

मनुबाई विधवा होती. सहा वर्षं झाली होती. हे मला माहीत होतं, सांगलीच्या सगळ्या हळदपेठेला माहीत होतं. आष्ट्यात कुणाला माहीत नव्हतं. आणि सांगलीच्या पुलाजवळ नाका लागे, तिथं बसणारी माणसं तिला लांबून चालीवरनं ओळखत. नाका अजून तीन-साडेतीन कोस लांब होता. तेवढ्या वाटेत त्या कुंकवाचं काहीतरी व्हायला हवं होतं. काय व्हायला हवं, कुणी करायला हवं, ते मला कळत नव्हतं, आणि तिला तर जणू ते कपाळावर आहे हेच आठवत नव्हतं. ती बोलत होती. सर्व्हिस मोटारीबद्दल बोलत होती. बेचाळीसच्या गडबडीनंतर पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशावर चालत, आणि त्या दिवशी आष्ट्याची मोटार आलीच नव्हती, म्हणून आम्ही चालत निघालो होतो. "गाडी भाकरीवर चालली असती तर मीच दोन थापून घातल्या असत्या," असं म्हणून ती आपली आपण हसली.

मनुबाई मूळची माणातली, दहिवडीकडची. मेंढरं आणि खडक एवढंच बघत मोठी झालेली. नवरा सांगलीच्या पेठेत हमाली करायचा. हरिपूरच्या वाटेला जमिनीत खोल खणलेली पेवं आहेत. त्यात हळद भरून तोंड बंद करतात, ती वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, कोंडलेली हवा माणूस मारते. आधी कंदील सोडून बघतात, विझला तर थांबतात. एकदा कुणी एक गडी थांबला नाही. त्याला ओढायला मनुबाईचा नवरा उतरला. तो गडी वर आला. हा आला नाही.

तेराव्यानंतर मनुबाईनं त्याच पेठेत हळद निवडायचं काम धरलं. दुसरं काम नव्हतंच. पेठेतल्या हळदीनं तिचे हात पिवळे झाले ते कायमचेच. तळवे, नखं, पावलांच्या भेगा. आपल्याकडे मुलीचं लग्न करून देण्याला हात पिवळे करणं म्हणतात, आणि कुंकू पुसलं की लग्नकार्यात हळदीलाही हात लावायचा नसतो. मनुबाईनं कुंकू गमावलं, त्यानंतरच तिचे हात पिवळे झाले. ती राखेनं घासायची, चिंचेनं घासायची. एकदा मला म्हणाली, "कातडं निघंल पर रंग निघायचा न्हाई, बाई."

माझी तिची ओळख तिनंच केली. मी सांगलीला मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि पेठेमागच्या बोळात एक खोली घेऊन राहत होते. शाळेला जायची वाट हळदीच्या गोदामावरनं. एके दिवशी दारात बसलेल्या बायकांतनं आवाज आला, "मास्तरीणबाई, रोज खाली बघून चालता, काय हरवलंय का? सांगा, आमी बी हुडकतो."

सगळ्या हसल्या. मी पुढे दोन दिवस लांबच्या वाटेनं शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी ती त्या वाटेवर उभी. म्हणाली, "हिकडं बी न्हाई व्हय घावलं?" मग मला हसू आलं.

पेठेत तिला निलाजरी म्हणत. म्हणण्यासारखं ती वागेही. एकदा पोत्याच्या सुतळीत अडकून तिचं लुगडं मांडीपर्यंत फाटलं, हमाल हसले, तर त्यांच्याहून मोठ्यानं ही हसली आणि सुतळीनंच ते शिवत बसली. आणखी एकदा मुकादम भाऊसो चार माणसांत म्हणाला, मनुबाईच्या ओटीत हळकुंडं आहेत. तिनं भर पेठेत ओटी सोडली. भाकरी, चटणीची पुडी, एक सुपारी, सगळं त्याच्या पायाशी मांडलं. "तपासा मुकादम. चटणी जरा तिखट हाय, डोळं जपा." भाऊसोला मान वर करवेना. बायका आठवडाभर ती गोष्ट सांगून हसत होत्या.

पण त्याच संध्याकाळी मी गोदामामागून येत होते, तर ही भिंतीला हात लावून ओकत होती. मला बघून तोंड पुसलं आणि म्हणाली, "चटणी खरंच तिखट हुती."

तेव्हापासून माझा गोंधळ सुरू झाला. माझ्या वर्गात मी बघते, रागावलं की एक मुलगी रडते, एक उलटून बोलते, एक दात काढते. दात काढणारीला आम्ही कोडगी म्हणतो आणि जास्त रागावतो. मनुबाईला ओकताना पाहिल्यापासून माझा कुणालाच कोडगी म्हणायचा धीर होईना. मी स्वतः खाली बघणारी. लोक मला सोज्वळ म्हणतात. मी खाली बघते ते सोज्वळपणानं की दुसऱ्या कशानं, हे मलासुद्धा सांगता येणार नाही.

रविवारी मी कधी तिच्याजवळ पोत्यावर जाऊन बसे. ती निवडता निवडता माणसंही निवडायची. गोल गड्डे एका बाजूला, लांब हळकुंडं दुसऱ्या बाजूला. "ही आमची भामाबाई गड्डा. ही नवी आलेली हळकुंड, लगीच मोडंल." एकदा म्हणाली, "माणसाची लाज बी अशीच अस्ती. कुणाची सालीत, कुणाची गाभ्यात. सालीतली चार दिस घासली की जाती."

"आणि तुमची कुठं आहे?"

"आता ते मोडल्याबिगर कसं कळायचं?" तिनं खांदे उडवले. मग एक हळकुंड बाजूला टाकून, "तुमची बी."

माझी काय ते तिला ठाऊक होतं. माझे यजमान साताऱ्याला कचेरीत होते. तिथं त्यांचं दुसरं बिऱ्हाड होतं, मुलं होती. अकरा वर्षांत त्यांनी मला ना बोलावलं, ना पत्र घातलं. भावानं शिकवलं, मी फायनलची परीक्षा पास झाले, नोकरीला लागले. रोज सकाळी गणपतीपुढं दिवा लावून मी कुंकू लावते. ते कुणाच्या नावचं, हा विचार दिव्यापुढं करू नये म्हणून मी मोठ्यानं स्तोत्र म्हणते.

त्या फाल्गुनात आष्ट्याला माझे भाऊ लालासाहेब यांच्या मुलीचं, विजयमालाचं लग्न ठरलं. लग्न पुढल्या आठवड्यात, पण हळद दळायचा मुहूर्त आधीच्या रविवारी होता. भावानं निरोप धाडला, सांगलीची उंची हळद घेऊन ये. मी मनुबाईला सांगितलं. तिनं एकेक हळकुंड मोडून, वास घेऊन निवडलं. मग मी म्हटलं, तुम्हीही चला, सोबत होईल. खरं कारण निराळं होतं. भावाच्या घरी कार्याला एकटीनं जायचं माझ्या जिवावर येई. शनिवारी गावची बैलगाडी सांगलीला आली होती, तिच्यातनं आम्ही गेलो.

रविवारी सकाळी सोप्यात जातं मांडलं. जात्याला आंब्याची पानं बांधली. पाच सवाष्णींनी मिळून हळद दळायची. आमची आत्या, चंद्राबाई, सगळं बघत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी मान तिचाच. चार जणी बसल्या. पाचवी यायची होती ती शेजारची सून, तिचा निरोप आला की तिला आजच बाजूला बसावं लागलंय. आत्या म्हणाली, "आता गं? मुहूर्त जातोय."

मी जात्यापासून दोन हातांवर उभी होते. हातभर बांगड्या, कपाळाला कुंकू. आत्या माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता बोलावते. वळली, थांबली आणि दुसरीकडे बघायला लागली. घरातल्या सगळ्यांनी ते बघितलं. माझं असं आहे की मला काय म्हणावं ते कुणालाच कळत नाही. नवरा जिवंत, म्हणून नको म्हणता येत नाही. आणि टाकलेली, म्हणून ये म्हणता येत नाही.

मनुबाई हळदीची पिशवी घेऊन खांबाला टेकून उभी होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, म्हणून कपाळ, गळा मोकळा आहे हे दिसत नव्हतं. मनगटात माहेरचे चांदीचे गोठ होते. आत्याला बिचारीला काय दिसलं असेल? पिवळे हात. पिवळी पावलं. म्हणाली, "आगं, ह्या सांगलीच्या पाहुण्या हायत की. हात बघा कसं पिवळंधमक. गवरच आली म्हणायची. या, बसा."

आणि कुंकवाची डबी पुढं केली.

मनुबाईनं माझ्याकडे बघितलं.

मी खाली बघितलं. जात्याच्या खुंट्याकडे. तेवढ्यात आत्याचं बोट तिच्या कपाळाला लागलंसुद्धा.

ती बसली. जातं फिरायला लागलं. त्या मोडलेल्या हळकुंडांचा वास सोपाभर झाला. बायकांनी ओव्या म्हटल्या, आणि मग नेहमीप्रमाणे नाव घ्यायचा हट्ट सुरू झाला. मला वाटलं, आता तरी ती उठेल. काहीतरी विनोद करेल, सटकेल. विनोदाला तिला कधी तोटा नव्हता. ती थांबली. जात्यावरचा हात तसाच ठेवून, एरवीपेक्षा हळू आवाजात म्हणाली,

"हरिपूरच्या वाटंला हळदीचं पेव,
केरबारावांचं नाव घेते, साक्षीला देव."

बायका वा वा म्हणाल्या. सांगलीच्या पाहुणीला नाव छान घेता येतं म्हणाल्या. नवऱ्याचं नाव केरबा आहे हे मला त्या दिवशी कळलं. चार वर्षांच्या ओळखीत ती 'आमचं हमाल' एवढंच म्हणायची. बाईनं नवऱ्याचं नाव एरवी घ्यायचं नाही, उखाण्यात घ्यायचं. आणि विधवेला उखाणा कोण विचारतं? सहा वर्षं तिच्या तोंडून ते नाव बाहेर पडलं नव्हतं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं का? विजयमाला माझ्या भावाची एकुलती एक पोर. तिची हळद विधवेनं दळली हे कळलं असतं तर आत्यानं ती उकिरड्यावर टाकली असती, आणि मनुबाईला चावडीपर्यंत शिव्या ऐकाव्या लागल्या असत्या. पुढं विजयमालाचं सगळं चांगलंच झालं, पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं? मी मनात गणपतीला विचारत होते, हे पाप का काय? आणि त्याच मनात आणखी एक विचार होता, तो लिहायला मला आजही अवघड वाटतो. आत्यानं मला वगळलं आणि नकळत विधवेलाच बसवलं, याचं मला आतून कुठंतरी बरं वाटलं होतं.

चालता चालता डिग्रजच्या अलीकडे आलो, तिथं शेतात मोठ्या काहिलीत हळद शिजत होती. धूर रस्त्यावर येत होता. बांधाला एका झाडाखाली काकणवाली अख्तरबी डोक्यावरची टोपली उतरवून बसली होती. ती आष्ट्याच्या बाजाराची, मला ओळखायची. आम्हाला बघून हाक मारली, "या की बाई, टेका जरा." आणि मनुबाईकडे बघून, "ह्या कोण? कपाळभर कुंकू आन् हातात काकणं न्हाईत. बसा, भरते. हिरवी हायत, ताजी."

मी दोन पावलं मागेच थांबले. मनुबाई मात्र तिच्यासमोर फतकल मारून बसली.

"नगं गं. आमच्या मालकाला काकणाचा आवाज खपत न्हाई."

"आवं, असला कसला मालक?"

"लय झोपाळू हाय. एकदा निजला की उठतच न्हाई."

अख्तरबी हसली. मनुबाईही हसली. 

"तरी पर, नवरा असून हात उघडं," अख्तरबी म्हणाली, "लाज वाटत न्हाई व्हय?"

"वाटती की. म्हणून तर पदरात झाकून चालले."

"ह्या बाईंच्या हाताकडं बघ. कोपरापत्तर भरलाय. नशीब लागतं." असं म्हणून अख्तरबीनं माझा हात उचलून बांगड्या वाजवून दाखवल्या. ती बरं वाटावं म्हणूनच बोलली. मी हात सोडवून घेतला आणि खाली बघितलं.

तिथून उठल्यावर मनुबाई गप्प झाली. ती गप्प झाली याचीच मला भीती वाटायला लागली. मला वाटलं होतं, ती बोलते आहे तोवर तिला काही टोचत नसेल. आता ती बोलत नव्हती, म्हणजे टोचत होतं का? की मघाशी बोलत होती तेव्हाच टोचत होतं? ओटी सोडली त्या दिवसासारखं? मी तिच्या तोंडाकडे चोरून बघत चालत होते. तोंडावर काही नव्हतं. घाम, धूळ आणि कुंकू.

सांगलीवाडीची झाडं दिसायला लागली. पुलाच्या कमानी दिसल्या, त्यांच्याखाली कृष्णा. नाक्यावर दोन माणसं बाकावर बसलेली होती. मनुबाई रस्ता सोडून नदीकडे उतरणाऱ्या पायवाटेनं चालू लागली. मी मागे. पाण्याशी आल्यावर मी एकदाचं विचारलं, "मनुबाई, तुम्ही आत्याला का सांगितलं नाही?"

"आन् तुमी का न्हाई सांगितलं?"

 ती दगडावर बसली, पाय पाण्यात सोडले. पाणी पिवळं झालं नाही, तरी मी बघत राहिले.

"डबी फुडं आली तवा मी तुमच्याकडं बघितलं," ती म्हणाली. "घर तुमचं, पोर तुमची. म्हटलं, बाई मान हलवतील, मी उठंन. तर तुमी मान खाली घातली. मला वाटलं, व्हय म्हणत्यात. म्हणत्यात, बस."

मी होय म्हणून मान खाली घातली नव्हती. आत्यानं मला टाळलं, ती लाज डोळ्यांत होती, ती कुणाला दिसू नये म्हणून घातली होती. माझी मान त्याच एका कारणानं खाली जाते, जन्मभर गेली आहे. तिनं त्या खाली गेलेल्या मानेचा अर्थ परवानगी असा लावला, कारण तिच्या लाजेला खाली बघणं माहीतच नव्हतं. की होतं? मी हे तिला सांगणार होते. तोंड उघडलंही. पण मग वाटलं, मी होय म्हटलंच नव्हतं हे मला तरी कुठं नक्की माहीत आहे?

"पोरीचं काय वाईट झालं तर?" तिनं विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. "मी निवडून दिली ती हळद चांगली हुती, बाई. एक कीड नव्हती तिच्यात."

"देव असं बघत नसतो," मी म्हणाले.

"कसं बघतो मग?"

 मी शेजारी बसले. वर रस्त्यावरून बैलगाडी गेली, नाक्यावर थांबली, बोलणं ऐकू आलं. आता अंधारायच्या आत जायला हवं होतं, आणि असं जाता येत नव्हतं. मी म्हटलं, "मनुबाई, तोंड धुवा. चला."

तिनं ओंजळ भरली. वर आणली, कपाळापाशी नेली आणि सोडून दिली. पुन्हा भरली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा हात मांडीवरच राहिले.

"त्या विहिरीवर बी असंच झालं," ती म्हणाली. "मला वाटलं तुमी बघितलं आसंल. तुमी दुसरीकडं बघत हुता." मग पिवळे तळवे उलटे करून त्यांच्याकडेच बघत राहिली. "आमचं हमाल गेलं तवा जावंनं पुसलं हुतं. मागनं धरून. मी डोळं मिटलं हुतं. माझ्या हातानं मी कवाच पुसलं न्हाई, बाई, आन् आज बी माझ्यानं व्हायचं न्हाई."

ती माझ्याकडे वळली. पदर मागे सारला. ते कुंकू एवढ्या वाटेनंतर मुळी गोल राहिलंच नव्हतं.

"तुमी पुसा," ती म्हणाली. "पर एक करा. पुसताना खाली बघू नगा. माझ्याकडं बघा."